रिकामी वाटी

मंजुळा कॉलनीत विरजण मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. अबोला असो, भांडण असो, कुंपणाच्या भिंतीवरून कोर्टकचेरी चाललेली असो. कोणी वाटी पुढे केली की चमचाभर विरजण द्यायचंच. दिवेलागणीनंतर द्यायचं नाही आणि दुसऱ्याची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, एवढ्या दोन अटी सगळ्यांना पाठ होत्या. रस्त्यावरच्या गाड्या माणसाशिवाय चालायला लागल्या, घरातले दिवे हाक मारली की लागायला लागले, तरी सांगलीतल्या या कॉलनीत वाट्यांची ये-जा चालूच राहिली. प्रत्येक वाटीवर मालकिणीचं नाव कोरलेलं असे. त्यामुळे कुणाची वाटी कुणाच्या ओट्यावर किती दिवस लोळतेय हे साऱ्यांना कळायचं, आणि कळलं की त्यावर बोलणंही व्हायचं.

बदललं होतं ते दूध. गुरांच्या त्या मोठ्या साथीनंतर आणि पाठोपाठच्या जीवघेण्या उन्हाळ्यांनंतर म्हशीचं दूध चैनीची वस्तू झालं. लोकांनी आधी आरडाओरडा केला, मग सवय करून घेतली. आता घरोघरी ओट्यावर दाण्याचं दूध काढणारं यंत्र होतं. रात्री भिजवलेले शेंगदाणे सकाळी त्यात टाकले की दळून, गाळून, उकळून पांढरंशुभ्र दूध बाहेर. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. कॉलनीत त्याला 'गवळण' म्हणत. 'आमची गवळण आज रुसलीय,' असं कोणी म्हटलं की यंत्र बिघडलंय असं समजायचं.

ऋतुजा आवटीच्या घरात मात्र जनावराचं दूध साथीच्या आधीच बंद झालं होतं. तिची लेक चार्वी पाच महिन्यांची असताना गाईच्या दुधाचा एक चमचा पोटात गेला आणि पोर निळी पडली. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला तिचं शरीर शत्रू समजत होतं. डॉक्टरांनी दूध, दही, तूप, लोणी, खवा सगळं बंद केलं. ऋतुजानं मग स्वयंपाकघर मुळापासून नव्यानं मांडलं. वरणभातावर शेंगतेलाची धार, पुरणपोळीवर नारळाचं दूध, खपली गव्हाची खीरही नारळाच्या दुधातली. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, आणि बी-ट्वेल्व्हचे थेंब रोज सकाळी जिभेवर. चार्वी त्यावर अशी टणटणीत वाढली की तिला शांत बसवायला औषध शोधावं लागलं असतं.

पुढे दूध महागल्यावर त्याच बायका, ज्या पूर्वी 'काय बाई, पोरीला तुपाचा थेंब नाही' म्हणून नाक मुरडायच्या, त्या ऋतुजाकडे शिकायला येऊ लागल्या. तिनं सगळ्यांना शिकवलं. मिरचीचे देठ टाकून दाण्याच्या दुधाचं पहिलं विरजण तिनंच धरलं आणि वाट्यावाट्यांनी घरोघरी पाठवलं. त्यात तिचा स्वार्थ होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. प्रत्येक घरात तिचंच विरजण असेल तर तिची पोर कुठल्याही घरात जेवू शकेल, एवढा साधा हिशेब. तो जमला. चार्वी दहा वर्षांची झाली तोवर कॉलनीतलं एकही स्वयंपाकघर तिला परकं राहिलं नव्हतं. शनिवारी शाळेतून आली की ती आधी नाकानं अंदाज घ्यायची, कुणाकडे काय शिजतंय, आणि मग ठरवायची आज कुणाचं भाग्य उजळायचं.

त्या मे महिन्याच्या सुट्टीत चार्वी वडिलांकडे पुण्याला गेली होती. अभिजितची नोकरी तिथली, तो महिन्यातून एकदाच यायचा. ती नसताना कॉलनीत एक नवल घडलं. दही लागायला लागलं.

म्हणजे लागत आधीही होतं, पण दाण्याच्या दह्याचं खरं रूप सगळ्यांना ठाऊक होतं. थोडं रवाळ, वर गढूळ पाणी, ढवळलं की पळीवाढं. ऋतुजा त्याचं कौतुक करायची, बाकीचे तिच्या तोंडावर करायचे. आणि अचानक शेजारच्या शिंत्रेकाकूंकडे असं दही लागलं की पातेलं उपडं केलं तरी हलेना. सुरीनं वडी कापावी तसं. वरती सायीसारखा पातळ पापुद्रा. काकू ते पातेलं घेऊन चार घरं हिंडल्या.

"बघा गं बघा! चाळीस वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंचं दही असं लागायचं. हात बसला बाई शेवटी!"

मग काय, रांग लागली. ज्याला त्याला काकूंचं विरजण हवं. ऋतुजाच्याच विरजणाचं ते रूप, म्हणून तिलाही मनातून गुदगुल्या झाल्या. सोमवारी काकूंकडून तिचीच वाटी परत आली, अर्थातच भरलेली. तिनं आपलं जुनं विरजण बाजूला सारून ते लावलं. सकाळी दही बघून ती एकटीच हसली. आणि हौसेला मोल नसतं म्हणतात तसं, त्यातलं वाटीभर विरजण तिनं ढवळे आण्णांकडे नेऊन दिलं. आण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या बायकोचं, कुसुमआजींचं, मोठ्या आजारानंतर अन्नावरचं मनच उडालेलं. त्या दह्याचा घास मात्र त्यांनी मागून घेतला.

शाळा उघडायच्या तोंडावर चार्वी शुक्रवारी परत आली. शनिवारी सकाळी पोह्यांवर तिनं दह्याचा जरासा थेंब घेतला आणि म्हणाली, "आई, जीभ टोचतेय."

"मिरची चावली असशील."

"मिरची मी काढून ठेवलीय. ही बघ."

खरंच ताटलीच्या कडेला मिरच्या रांगेनं मांडल्या होत्या. ऋतुजानं तिची जीभ पाहिली, ओठ पाहिले. काही दिसेना. चार्वी पाणी प्यायली, "गेलं," म्हणाली आणि शाळेला पळाली. ऋतुजा कामाला लागली, पण मन कामात नव्हतं. कशात तरी काहीतरी चुकलंय आणि ते आपल्याला दिसत नाहीय, अशी चुळबुळ आतून चाललेली. तिनं डबे उगाच पुसले. पुसलेले परत पुसले.

दुपारच्या स्वयंपाकाला तिनं कढी टाकली. दही घुसळलं, आलं-मिरची-जिरं वाटून घातलं, आणि नेहमीप्रमाणे डाळीचं पीठ मागाहून लावू म्हणून पातेलं तसंच गॅसवर चढवलं. दाण्याच्या दह्याची कढी पिठाशिवाय उकळली तरी नुसती दाटते, फाटत नाही. हे ती शिकणाऱ्या बायकांना हसत हसत सांगायची.

कढी फाटली.

ती डाव हातात धरून बघत राहिली. पांढऱ्या गुठळ्या एकीकडे, हिरवट नितळ पाणी एकीकडे. आणि वाफेबरोबर एक वास आला. दहा वर्षांत त्या घरात न आलेला, पण लहानपणी आईच्या स्वयंपाकघरात रोज येणारा, दूध नासल्याचा वास.

फ्रीजच्या दारात केसीन तपासायच्या पट्ट्या होत्या. बाहेरून आणलेलं प्रत्येक पाकीट ती पट्टीनं तपासायची. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. ऋतुजा तर पाहुण्यांनी आणलेल्या शेंगाचिक्कीलाही पट्टी लावायची. फक्त घरच्या दह्याला तिनं कधी लावली नव्हती. घरचं ते घरचं. आता तिनं पट्टी पातेल्यात बुडवली. केसीनची गुलाबी रेघ इतक्या झटकन उठली की तिला वाट बघावीच लागली नाही.

घड्याळाकडे बघायचं कारणच नव्हतं. शाळा सुटलेली असणार. शनिवार होता.

पेनाची पिशवी उचलून ती अनवाणीच धावली. ॲलर्जीनं श्वास कोंडला तर मांडीत टोचायचं ॲड्रिनॅलिनचं ते पेन दहा वर्षं दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेलं होतं. दर वर्षी जुनं टाकून नवं आणायचं आणि वापरायची वेळ आली नाही म्हणून देवाला हात जोडायचे.

"काकू, चार्वी कुठाय?"

शिंत्रेकाकू भाकरी थापत होत्या. "आली होती की. आमच्याकडं आज शेपू होता, तर म्हणाली, शेपूला माझा नमस्कार! ढवळ्यांची वाटी माझ्याकडं पडली होती, ती दिली तिच्याबरोबर पाठवून. रिकामी कशी द्यायची, म्हणून भात कालवून दहीबुत्ती घातलीय. का गं? अगं, चप्पल तरी घाल!"

ऋतुजा आण्णांच्या फाटकाशी पोचली तेव्हा आतून कुसुमआजींचा आवाज येत होता, बारीक, घाबरलेला. "आण्णा, हिच्या तोंडाला काय झालंय बघा हो."

चार्वी पाटावर बसली होती. समोर एकच ताट, त्यातून आजी नि ती दोघी जेवत होत्या. पोरीचे ओठ सुजून फाटल्यासारखे दिसत होते, मानेवर गांधी उठल्या होत्या, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. तिनं आईकडे बघितलं आणि काही बोलायचा प्रयत्न केला. आवाज आला नाही. ऋतुजानं तिला आडवी केली, पेन तिच्या मांडीवर फ्रॉकवरूनच दाबलं आणि ओरडली, "आण्णा, गाडी!"

 दवाखान्यात डॉक्टर 'वेळेत आणलंत' म्हणाले, तेव्हा कुठे तिला आपण अनवाणी असल्याची आठवण झाली. 

संध्याकाळी तिची नणंद केतकी मिरजेहून आली. ती तिथल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजंतूंवर काम करायची. येताना तिनं कॉलनीतल्या घरांमधून दह्याचे नमुने गोळा करून सोबतच्या छोट्या यंत्रात तपासले होते, आणि मुलगी झोपल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं वहिनीला सगळं उलगडून सांगितलं.

"वहिनी, दूध आंबलं की त्यातलं केसीन एकमेकाला चिकटतं आणि त्याची जाळी होते. त्या जाळीत पाणी अडकतं, म्हणून दही घट्ट लागतं. दाण्यात केसीन नाही, म्हणून आपलं दही रवाळ. बरोबर? आता ते 'धवल' दही येतं ना पाकिटातलं, ते दाण्याच्याच दुधाचं असतं. पण त्यातल्या जंतूंना केसीन बनवायची कृती शिकवलेली असते. गाय नाही, म्हैस नाही, पण केसीन अगदी खरं. पाकिटावर लिहिलेलंही असतं, दुधाची ॲलर्जी असेल तर खाऊ नका म्हणून."

"मी ते पाकीट कधी घरात येऊ दिलं नाही."

"तू नाही. शिंत्रेकाकूंनी. दही पातळ लागतं म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी तुझ्या विरजणात एक चमचा 'धवल' टाकलं. मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, पाकिटावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाईविना, म्हशीविना'. गाय नाही तर दूध कुठलं? चार्वीला चालेल असंच वाटलं त्यांना."

 खरं सांगायचं तर ऋतुजालाही क्षणभर तसंच वाटलं असतं.

"कंपनीचा जंतू घरी जगत नाही," केतकी सांगत होती. "त्याला खास खुराक लागतो, तो नसला की एक-दोनदा विरजल्यावर मरतो. तशी सोयच केलेली असते. पण मरण्याआधी त्यानं ती कृती आपल्या विरजणातल्या दांडग्या जंतूंना देऊन टाकली. हे जंतू फक्त पोराबाळांनाच वारसा देत नाहीत, वहिनी. शेजाऱ्यालाही देतात. छोटीशी चिठ्ठी असते, ह्याच्या अंगातून त्याच्या अंगात."

"म्हणजे आमच्यासारखंच."

"अगदी. एरवी काय होतं, अशी चिठ्ठी जवळ बाळगणं त्या जंतूला ओझं असतं. केसीन करून त्याचा काही फायदा नाही. हळूहळू टाकून देतात ते. इथे टाकू दिली नाही."

"कोणी?"

केतकीला ते सांगणं जड गेलं. "तुम्ही सगळ्यांनी. दर वेळी कॉलनीत सगळ्यात घट्ट दही कुणाकडे, तर त्या घरचं विरजण. प्रयोगशाळेत आम्ही असंच करतो, निवडून निवडून वाढवतो. तुम्ही महिन्याभरात आमच्यापेक्षा चांगलं केलंत."

मग तिनं वाट्यांवरची नावं वाचून केलेला माग सांगितला. काकूंकडून ते कुणाकुणाकडे गेलं, कुणाच्या लेकीबरोबर इस्लामपूरला, कुणाच्या भाच्याबरोबर कोल्हापूरला. आता ते परत बोलावता येणार नव्हतं. कॉलनीतून मात्र घालवता येईल, सगळ्यांनी एकाच दिवशी टाकलं आणि भांडी उकळली तर. ढवळ्यांच्या घरी ते कुणाच्या वाटीतून पोचलं, हे सांगायचं केतकीनं टाळलं. ऋतुजाला ते ठाऊकच होतं. वाटीवर तिचं नाव होतं.

चार्वी घरी आल्यावर कॉलनीतल्या बदामाखाली सगळे जमले. आधी सगळ्यांनी पोरीची चौकशी केली, बायकांनी डोळे पुसले, आणि मग ऋतुजानं विरजण टाकायची गोष्ट काढली तसे सगळे आपापल्या पायाकडे बघायला लागले.

"टाकायला काय, टाकू की," कोणीतरी म्हणालं. "पण चार्वीला आमच्याकडं काही दिलंच नाही तर?"

"आमची पोरं किती दिवसांनी दही मागून खायला लागलीत."

"आणि फुकटात. एवढं खरं दही, आयुष्यभर पुरेल असं."

ऋतुजाच्या कानशिलात आग झाली. या सगळ्यांना तिनं शिकवलं होतं, यांच्या पोरांच्या वाढदिवसांना नारळाच्या दुधाची बासुंदी आटवून दिली होती. तिला वाटलं, एकेकाच्या घरात घुसावं आणि पातेली मोरीत उपडी करावीत. ती बोलायला उठणार तोच ढवळे आण्णा उभे राहिले. त्यांनी आयुष्यात चारचौघांत भाषण केलं नव्हतं, आणि आताही त्यांना ते नीट जमेना.

"मी खोटं बोलणार न्हाई, ऋतुजा. तुझी पोर माझ्या घरात, माझ्या ताटात... त्या दिवसापासनं मला झोप न्हाई. पण माझी कुसुम त्या दह्यावर उठून बसलीय. सहा महिने चमच्यानं पाणी पाजत होतो मी तिला. आता ती भात मागती. ते दही मी टाकू शकत न्हाई. तू मला काय म्हणायचं ते म्हण."

 ते दही ऋतुजानंच नेऊन दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुसुमआजी दारात येऊन बसलेल्या पाहून तिचाच जीव हरखला होता.

"तुझ्या पोरीला माझ्या दारात पाठवू नको," आण्णा म्हणाले. "आणि माझ्या घरची वाटी आजपासनं कुणाकडं जाणार न्हाई. कुणाची मी घेणार न्हाई. एवढं मी करतो."

सभा तशीच विरली. शिंत्रेकाकू अख्खा वेळ एका कोपऱ्यात बसून होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ऋतुजाला सगळ्यात जास्त राग त्यांचाच आला. चूक त्यांची. हौस त्यांची. आणि तोंडातून 'चुकलं' एवढंसुद्धा निघू नये?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ऋतुजानं आपल्या घरचं विरजण मोरीत ओतलं, भांडी उकळली, गवळणीचा भागन्‌भाग सुटा करून धुतला. दह्याऐवजी चिंचेचं सार, कोकमाची कढी असं काहीबाही करून वेळ मारून नेली. चार्वीला घराबाहेर पडायची बंदी होती. ती खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहायची.

"आज मगदुमांकडे भरल्या वांग्यांचा वास येतोय."

"आपणही करू."

"मला वांगी नकोयत. मला त्यांच्याकडे जायचंय."

"नाही म्हटलं ना एकदा!"

ऋतुजाचा आवाज असा चढला की चार्वी दचकली. तिनं खिडकी स्वतःच लावून घेतली आणि म्हणाली, "मग मी मोठी झाल्यावरपण कुणाकडेच जेवायचं नाही का?"

 दारावरची बेल वाजली तरी ऋतुजा दाराशी जाऊन आधी कानोसा घ्यायची. कोणी काही घेऊन आलं असलं तर? पट्टी लावायची का समोरच? नाही लावली तर? या घराण्यात पाहुण्याला पाणी न देता कुणी परत पाठवलं नव्हतं, आणि ती आता दाराची साखळी न काढताच बोलत होती. बायकांनीही मग यायचं कमी केलं. वाट्या आपापल्या फळीवर पडून राहिल्या. कॉलनीत इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

आणि एका सकाळी बेल वाजली. बाहेर शिंत्रेकाकू होत्या. हातात वाटी होती, पालथी धरलेली.

ऋतुजानं साखळीतूनच विचारलं, "काय काकू?"

"तुझी वाटी राहिली होती माझ्याकडं."

काकूंनी वाटी सुलटी केली आणि फटीतून आत धरली. त्यांचा हात भाजल्यासारखा लाल झाला होता. वाटी चकचकीत होती, अजून कोमट होती, आणि तिच्यात काही नव्हतं. साखरेचा दाणा नव्हता, तुळशीचं पानसुद्धा नव्हतं.

"उकळून आणलीय," काकू म्हणाल्या. "तीनदा उकळली. सगळी भांडी उकळली मी. मगदूम, कोरे, पाटील, सगळ्यांच्या घरी जाऊन बसले. टाका म्हटलं, नाहीतर मी उठत नाही. दोघीजणी भांडल्या, तरी उठले नाही. बदामाखाली बोलले असते की. तोंडच उघडेना बाई. काय बोलणार? लेकरू माझ्या हातानं..." त्यांना पुढे बोलता येईना. पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "एवढं वय झालं, कुणाची वाटी मी अशी दिली नव्हती. सासूबाई असत्या तर उंबऱ्यातच उभं केलं असतं मला. पण घे. रिकामी आहे. बघून घे."

ऋतुजानं साखळी काढली. ती वाटी छातीशी धरून उभी राहिली. इतकी वर्षं या दारातून भरलेल्या वाट्या आल्या. एकीनंही तिला असं रडवलं नव्हतं.

मागून चार्वी आली. तिनं आईच्या हातातली वाटी कलती करून आत पाहिलं, वास घेतला. मग काकूंकडे बघून तिनं घाबरत घाबरत विचारलं, "काकू, आज तुमच्याकडे काय केलंय?"

"अख्खा मसूर नि भाकरी." काकूंनी कमरेची पिशवी उघडून दाखवली. आत पट्ट्यांचं नवं पाकीट होतं. "तिच्यासमोर लावीन पट्टी. तिलाच लावू दे."

 चार्वी आईकडे बघत राहिली.

ऋतुजाला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलंच होतं ते. ही पट्टी खरं सांगेल, पण उद्याचं काय, परवाचं काय, इस्लामपूरचं, कोल्हापूरचं, ही पोर पुढे जिथं जिथं जेवायला बसेल तिथलं काय? तिनं दाराशेजारच्या खिळ्यावरचं नवं पेन काढलं, चार्वीच्या गळ्यात अडकवलं, आणि तिचे केस उगाचच नीट केले.

"जा," ती म्हणाली.

काकूंचं बोट धरून चार्वी निघाली. ढवळ्यांच्या फाटकाशी ती थांबली. फाटकाला आण्णांनी तांबडं फडकं बांधलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. ती आत गेली नाही. बाहेरूनच हात हलवून ओरडली, "आजी, जेवलात का?" आतून कुसुमआजींचा आवाज आला, पूर्वीपेक्षा खणखणीत, "जेवले गं बाळा!" मग ती उड्या मारत काकूंच्या घरात शिरली.

ऋतुजाचा हात सवयीनं शेंगाचटणीच्या डब्याकडे गेला. काकूंची एक वाटी तिच्याकडेही पडून होती. हात तिनं मागे घेतला. काकूंची वाटी पातेल्यात घालून तिनं गॅसवर पाणी उकळायला ठेवलं, आणि आपली रिकामी वाटी हातात घेऊन, चार्वी परत येईपर्यंत, ती दारात उभी राहिली.